चौदा मोदक का उरले?

‘बाई, नमस्कार. मी कोथरूडला राहते. थोरल्या जाऊबाई आणि मी गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतो. एका डब्यात एकवीस मोदक. गेल्या वर्षी चतुर्थीला १,४०० मोदक करायचे ठरले. मी विचारलं, एकवीसचे डबे पुरे भरतील ना? जाऊबाई म्हणाल्या, “१,४०० ला सातानं भाग जातो, बरोबर दोनशे. सातानं जातो म्हणजे एकवीसनंही जाणार. दोनशेचे तीन वाटे, सदुसष्ट डबे धर.” त्यांचं गणित माझ्यापेक्षा चांगलं, म्हणून मी गप्प बसले. सदुसष्ट ऑर्डरी घेतल्या. प्रत्यक्षात सहासष्ट डबे भरले, चौदा मोदक उरले आणि सदुसष्टावं गिऱ्हाईक दारात उभं! अजूनही हा विषय निघाला की घरात वातावरण तापतं.

धाकटे दीर हिंजवडीला आयटीत आहेत. त्यांनी हिशेबासाठी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहून दिला. तो म्हणतो की ०.३ किलो गुळाच्या ०.१ किलोच्या पुड्या पूर्ण होत नाहीत. आणि मुलाची शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी चाललीय. विभाज्यतेच्या कसोट्या त्याला घडाघडा पाठ आहेत, पण पेपरात चारसाठी अंकांची बेरीज करतो आणि तीनसाठी शेवटचा अंक बघतो. सातची कसोटी तर त्याला सांगितलीच नाही. मलाच हे नीट कळलेलं नाही, तर त्याला काय सांगू?
— एक वाचक, कोथरूड’

नमस्कार.

आधी जाऊबाईंचं. त्यांचं निम्मं गणित अगदी बरोबर होतं. १,४०० ला सातानं भाग जातो आणि उत्तर दोनशेच येतं. घोटाळा पुढच्या वाक्यात झाला. एकवीसनं भाग गेला की सातानं जातोच, कारण सात त्रिक एकवीस. प्रत्येक एकवीसच्या डब्यात सात-सातचे तीन ढीग बसलेलेच असतात. उलट्या बाजूनं मात्र ते चालत नाही. प्रत्येक कोथरूडकर पुणेकर असतो, म्हणून प्रत्येक पुणेकर कोथरूडकर होत नाही. (सदाशिव पेठेत हे वाक्य जरा हळू म्हणा.) सातचे दोनशे ढीग झाले, आता तीन-तीन ढिगांचा एक डबा करायचा, तर दोनशेला तीननं भाग जायला हवा. तो जात नव्हता. ‘सदुसष्ट धर’ म्हणताना जाऊबाईंच्या तोंडून गणितच बोलत होतं, की बाई गं, इथे काहीतरी उरतंय. त्यांनी ते ऐकलं आणि आकडा वर ढकलून दिला. भाजीवाल्याकडे ‘सदुसष्ट धरा’ चालतं, मोदकांच्या डब्याला चालत नाही.

सहासष्ट डब्यांत १,३८६ मोदक गेले, उरले चौदा. सदुसष्टाव्या डब्याला आणखी सातच हवे होते. उकड शिल्लक असती तर गिऱ्हाईकाला पाणी देईपर्यंत सात मोदक वळून, वाफवायला मोदकपात्रात गेले असते. म्हणून म्हणते, ‘भाग जात नाही’ एवढ्यावर थांबू नये. कितीनं कमी पडतोय किंवा कितीनं उरतोय, हे कळलं तर स्वयंपाकघरात त्याचा उपयोग होतो.

आता तुमच्या मुलाचं, कारण पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि दर वर्षी हेच पाहिलं. मुलांना कसोट्या पाठ असतात, पण कुठली कसोटी कुणाची याची गल्लत होते. त्यात मुलांचा दोष नाही. गाईडमध्ये चौकोनात दहा कसोट्या छापतात, प्रत्येक वेगळी, प्रत्येकीचं कारण गायब. कारण नसलेली गोष्ट डोक्यात फार दिवस राहत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तर नाहीच.

खरं तर कसोटी एकच आहे. ती अशी: ज्याला नक्की भाग जातो ते उचलून बाजूला ठेवा आणि जे उरेल त्याच्याकडे बघा. उरलेल्याला भाग गेला तर सगळ्याला जातो, नाही गेला तर सगळ्याला जात नाही. बस. भागाकार किती आला हा वेगळा प्रश्न, तो आत्ता कुणी विचारलेलाच नाही. बाकीच्या सगळ्या कसोट्या म्हणजे ‘काय उचलून ठेवायचं’ याच्या सोयीच्या युक्त्या.

मुलाला घेऊन स्वयंपाकघरात बसा. मोदक नसतील तर शेंगदाणे घ्या. ७३८ दाणे आहेत अशी कल्पना करा: शंभराचे सात ढीग, दहाचे तीन ढीग आणि आठ सुटे. विचारायचंय की नऊनं भाग जातो का. शंभराच्या एका ढिगातून नव्व्याण्णव उचला. नव्व्याण्णवला नऊनं भाग जातो, त्यांची काळजी मिटली. ढिगात उरला एक दाणा. असे सात ढीग, म्हणजे उरले सात दाणे. दहाच्या ढिगातून नऊ उचला, उरला एक. असे तीन ढीग, उरले तीन. सुटे आठ तसेच. सात, तीन आणि आठ मिळून अठरा, आणि अठराला नऊनं भाग जातो. झालं! जी ‘अंकांची बेरीज’ मुलं पाठ करतात, ती म्हणजे हे उरलेले दाणे. तीनलाही हीच बेरीज चालते, कारण नऊ आणि नव्व्याण्णवला तीननंही भाग जातो. आता मुलाला विचारा, चारसाठी ही बेरीज का चालत नाही? त्याचं तोच सांगेल, की नऊला चारनं भाग जात नाही, मग उचलायचं काय?

चारला उचलायला चांगलं काय? शंभर. चार पंचवीस शंभर, म्हणून शंभराचे सगळे ढीग अख्खेच्या अख्खे उचलले जातात आणि फक्त शेवटचे दोन अंक उरतात. आठला शंभर पुरत नाही, हजार लागतो, म्हणून शेवटचे तीन अंक. दोन आणि पाचला दहाचा ढीगच पुरतो, म्हणून एकच अंक. ही एक ओळ समजली की गाईडमधला निम्मा चौकोन पुसून टाका.

अकराची कसोटी मला सगळ्यांत आवडते. अकरा-अकराचे डबे तुम्ही अजून करत नसाल तर करायला लागा, लहान कुटुंबांना तेच परवडतात. दहा मोदक म्हणजे अकराच्या डब्याला एक कमी. शंभर मोदक म्हणजे नऊ डबे भरून एक जास्त. हजार मोदक म्हणजे एक्याण्णव डब्यांना पुन्हा एक कमी. कमी, जास्त, कमी, जास्त. म्हणून एकक मिळवा, दशक वजा करा, शतक मिळवा, हजार वजा करा. तुमच्या १,४०० चं बघू: शतकाचे चार जास्त, हजाराचा एक कमी, उरले तीन. म्हणजे अकराचे १२७ डबे भरले असते आणि तीन मोदक उरले असते. तीनची बेरीज, नऊची बेरीज, अकराची ही वजाबाकी, या सगळ्या बाकीसुद्धा खरी सांगतात, हे लक्षात ठेवा. पुढे येणारी सातची युक्ती तसं करत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर सात. वर्गात सातचा विषय निघाला की पुष्कळ शिक्षक ‘त्याला सरळ भागून बघा’ म्हणून पुढे जातात. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच करायचे, खोटं कशाला सांगू. कारण उघड आहे: दहाला सातानं भागलं तर उरतात तीन, शंभरला भागलं तर दोन, हजाराला भागलं तर सहा. एक-एकचा तो सुंदर हिशेब इथे जमत नाही. पण तुमच्या घरात सातची कसोटी डब्यात भरून ठेवलेली आहे आणि तुम्हाला ते माहीत नाही. एकवीस! एकवीसला सातानं भाग जातो आणि त्याच्या एककाच्या घरात एक आहे. त्या एकावरच सगळी गंमत.

१,३८६ घ्या. एककात सहा आहेत. म्हणून एकवीसचे सहा डबे उचला, म्हणजे १२६ मोदक. उरले १,२६०. बघा, एककाचं घर रिकामं झालं. प्रत्येक डब्यानं एककातला एक उचलला, सहा डब्यांनी सहा. ते होणारच होतं. आता १,२६० म्हणजे दहाचे १२६ ढीग. दहाचा आणि सातचा काही संबंध नाही, त्यामुळे शून्य खोडलं तरी प्रश्न बदलत नाही. राहिले १२६. पुन्हा एककात सहा, पुन्हा सहा डबे उचला, उरलं शून्य. भाग जातो. पुस्तकी भाषेत हेच असं लिहितात: शेवटचा अंक काढा, त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. १३८ मधून १२ वजा, १२६. १२ मधून १२ वजा, शून्य. दुप्पट कुठून आली? एकवीसमधल्या दोन दशकांतून. कारण दिसलं की मूल ती दुप्पट विसरत नाही.

आणि तुमच्या धंद्याच्या दृष्टीनं खरी बातमी पुढे आहे. आपण एकवीसचेच डबे उचलले, आणि दहाचा एकवीसशीही काही संबंध नाही. म्हणून हीच युक्ती सातच्या जागी थेट एकवीसला चालते. शेवटी उरलेल्याला एकवीसनं भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. १,४०० वर करा: शून्यं खोडली, उरले १४. चौदाला सातानं भाग जातो, एकवीसनं जात नाही. तीन सेकंदांचं काम, आणि जाऊबाईंचं बरोबर कुठपर्यंत होतं नि चुकलं कुठे, ते दोन्ही त्या चौदात दिसतं.

पण थांबा. इथे चौदा आले आणि डब्यांतूनही चौदाच उरले, हा निव्वळ योगायोग. शून्य खोडलं की बाकी बदलते, फक्त ‘जातो की नाही’ तेवढं टिकतं. हजार मोदकांचं करून बघा. शून्यं खोडत गेलं तर राहतो एक, आणि डबे भरायला बसलात तर ४७ डबे भरून तेरा मोदक उरतील. तेव्हा या युक्तीवर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच विचारा. किती उरतील ते विचारायचं असेल तर भागाकार करा, मोबाइलवर केलात तरी चालेल. मोबाइल काढण्यात कमीपणा नाही, ऑर्डर घेताना तर मुळीच नाही. फक्त दशांश चिन्हानंतर काही दिसलं तर त्याला ‘धर’ म्हणू नका.

मोठ्या संख्या असतील तर आणखी एक: १,००१. सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार १,००१ होतो. म्हणून शेवटचे तीन अंक घेऊन त्यातून आधीचा भाग वजा करायचा. १,३८६ मध्ये ३८६ मधून एक गेला, ३८५. त्याला सातानंही भाग जातो, अकरानंही जातो, तेरानं नाही. एका वजाबाकीत तिघांचा निकाल. शिष्यवृत्तीच्या पेपरला एवढं लागत नाही, पण मुलाला मित्रांसमोर भाव खायला बरं.

जाऊबाईंच्या चुकीसारखीच एक चूक परीक्षेत हमखास येते, ती मुलाला सांगून ठेवा. बाराची कसोटी काय? बरीच मुलं म्हणतात, दोन आणि सहा. साही दुणे बारा होतात ना! मग अठरा बघा: दोननं जातो, सहानं जातो, बारानं जात नाही. सहाच्या पोटात दोन आधीच बसलेला असतो, त्याला दोनदा मोजून काय मिळणार? तीन आणि चार घ्यायचे, त्यांच्यात सामाईक काही नाही. पुस्तकात अशा जोडीला सहमूळ संख्या म्हणतात. चोवीसला चार आणि सहा नको, तीन आणि आठ हवेत. खात्री करायची तर छत्तीस तपासा. एकवीसला तीन आणि सात. जाऊबाईंनी सात तपासला, तीन राहून गेला. १,४०० ची बेरीज पाच. तेवढं बोट मोडलं असतं तर सदुसष्टावं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असतं.

दिरांच्या प्रोग्रामकडे येते. त्यांचं काही चुकलेलं नाही, आणि गुळाचंही नाही. पायथनमध्ये टक्क्याचं चिन्ह टक्क्यांसाठी नसून बाकीसाठी असतं. बाकी शून्य आली की भाग गेला, असा तो प्रोग्राम विचारत असणार. पूर्ण संख्यांसाठी हे चोख चालतं. पण कॉम्प्युटर अपूर्णांक अर्धा, पाव, अर्धपाव अशा निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या तुकड्यांत साठवतो आणि ०.१ त्याला त्या पद्धतीनं नेमका लिहिता येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ करत बसावं लागतं. मग त्याचा ०.१ केसभर जास्त होतो आणि ०.३ केसभर कमी. केसभर कमी गुळात केसभर जास्तीच्या तीन पुड्या कशा मावणार? दोन मावतात आणि बाकी येते ०.०९९९९९९९९९९९९९९९८. जवळजवळ एक अख्खी पुडी! दिरांना सांगा, किलो सोडा, ग्रॅममध्ये लिहा. ३०० ला १०० नं भाग, बाकी शून्य. रुपयांचा हिशेब असेल तर पैशांत. भाग निःशेष जातो का, हा प्रश्नच मुळात पूर्ण संख्यांचा आहे. आणि डब्याचा आकार भरायच्या जागी चुकून शून्य राहिलं तर प्रोग्राम थेट चूक दाखवून थांबेल, त्यालाही घाबरू नका. शून्य मोदकांना कितीच्याही डब्यांत भरा, बाकी शून्य. पण शून्य मोदकांचा डबा कुणाला विकणार?

मुलाच्या सरावासाठी गाईडची पानं वाढवू नका, त्याला रस्त्यावर न्या. डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर आपल्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. पुढे नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत राहिले आणि संख्यांशी खेळत राहिले. ६१७४ हा त्यांचा आकडा जगभर माहीत आहे. त्यांनीच एका जातीच्या संख्यांना ‘हर्षद’ नाव दिलं, हर्ष देणाऱ्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो ती हर्षद. अठराची बेरीज नऊ, नऊनं भाग जातो, झाली हर्षद. २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं हर्षद होती: सहा, सात, आठ आणि नऊनं ओळीनं भाग जातो. २०२६ ला ती साखळी तुटली, बेरीज दहा आणि शेवटी शून्य नाही.

नळ स्टॉपच्या सिग्नलला तुम्ही स्कूटरवर थांबलात की मागे बसलेल्या चिरंजीवांना समोरच्या गाडीचा नंबर हर्षद आहे का ते विचारा. बेरीज कधी सात येईल, कधी अकरा, कधी बारा, कधी एकवीस; सगळ्या कसोट्या आपोआप घोटल्या जातील, आणि त्या सिग्नलला वेळ कमी पडला अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही. जाता जाता: एमएच १२ मधला बारा हर्षद आहे, बेरीज तीन, भाग जातो. एमएच १४ मधला चौदा नाही. पिंपरी-चिंचवडकरांनी राग मानू नये, पत्रं तर मुळीच पाठवू नयेत.

राहिलं घरातलं वातावरण. जाऊबाईंना हे सदर वाचून दाखवू नका, टेबलावर ठेवूनही देऊ नका. यंदा ऑर्डरी घ्यायच्या आधी त्यांनाच विचारा, ‘एकवीसचे आणि अकराचे असे दोन्ही डबे ठेवले आणि आयत्या वेळी कुठल्याही एकाच प्रकारचे भरायची पाळी आली, तरी काही उरू नये असा आकडा सांगा.’ २३१ आणि त्याच्या पटी त्यांना सापडतील. २३१ च्या सहा पटी म्हणजे १,३८६, गेल्या वर्षी तुम्ही डब्यांत भरलेत तेवढेच. त्यांच्या तोंडून तो आकडा आला की गेल्या वर्षीचे चौदा कुठून आले हे तुम्हाला वेगळं बोलावं लागणार नाही. मुलगा शेजारी बसलेला असू द्या, पण त्याला मध्ये बोलू देऊ नका. शाळकरी मुलानं मोठ्या काकूंची चूक काढली तर पुढच्या चतुर्थीपर्यंत कळ्या पाडायला तुम्ही एकट्याच उराल.

आणि एक गोष्ट पत्रात लिहिलीच नाहीत. ते चौदा मोदक शेवटी गेले कुणाच्या पोटात, आणि घरात माणसं किती?